घोंगडे ओढण्याचा दिवस

आमच्या माळाला दार नव्हते, तरी तो दरवर्षी बंद होत असे. आषाढात माळावर कोवळी हिरवी झाक दिसू लागली की आमच्या सात घरांतली कर्ती माणसे बाभळीच्या वाळक्या फांद्या ओढत नेत आणि माळाकडे जाणाऱ्या तीन पायवाटांवर आडव्या टाकत. एखादी तरणी शेळी ते काटे एका उडीत ओलांडू शकली असती. पण आषाढापासून कार्तिकापर्यंत आमचे एकही जनावर त्या माळावर पाय ठेवत नसे. तेवढे दिवस आमची मेंढरे गावाजवळच्या बरडावर, ओढ्याच्या काठाने, बांधांच्या कडेने पोट भरत, आणि समोर हाकेच्या अंतरावर कमरेएवढे गवत वाऱ्यावर डोलत उभे असे. आज बंगळूरच्या बसवनगुडीतल्या माझ्या घराच्या गच्चीवर बसून ते दिवस आठवताना मी सगळ्यांत जास्त थक्क होतो तो त्या संयमाने. भुकेल्या कळपाचे तोंड हिरव्या गवताकडून वळवणे म्हणजे काय, हे ज्याने हातात काठी धरली आहे त्यालाच कळेल.

आम्ही विजापूरकडच्या कोरड्या पट्ट्यातले धनगर. घरात मराठी, बाजारात कानडी आणि मेंढरांशी दोन्ही. दिवाळीनंतर माळ चरून झाला की कळप नदीकाठच्या मुलखात चरायला आणि खतासाठी शेतांत बसायला जात. पावसाळ्यात परत येत. घर म्हणजे दगडमातीच्या दोन खोल्या आणि पुढे काट्यांचा मोठा कोंडवाडा. पहाटे पहिला आवाज कोकरांचा. त्यामागोमाग आईच्या जात्याचा, आणि मग बापूंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खाकरण्याचा. जोंधळ्याची भाकरी, शेंगांची चटणी, हुलग्याचे माडगे आणि ताकात शिजवलेल्या कण्या यांपलीकडे आमच्या चुलीला फारसे काही ठाऊक नव्हते. सगळ्या घराला मेंढरांचा आणि ओल्या लोकरीचा वास असे. पुढे बंगळूरच्या वसतिगृहात माझ्या ट्रंकेलाही तो येई आणि मी तो लपवण्यासाठी कपड्यांत साबणाच्या वड्या ठेवी. कशाकशाची लाज वाटत होती तेव्हा मला!

या घराचा कणा होती आक्का. ती बापूंची थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांतच विधवा होऊन माहेरी आली आणि मग कधी गेलीच नाही. उंच, काटक, हातात सदैव लोकर कातायची चाती. चालता चालता, बोलता बोलता, भांडता भांडतासुद्धा तिची चाती फिरत असे. माळ कधी उघडायचा हे सात घरांत एकटी आक्का ठरवी, आणि ते ठरवायची रीत अशी होती, की आजही ती कुणाला सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

कार्तिकातल्या एखाद्या सकाळी, दव वाळल्यावर, आक्का कोंडवाड्यापाशी उभी राहून हाक घाली. सातही घरची माणसे माळाच्या कडेला जमत. आक्काकडे या कामापुरते राखलेले एक काळे घोंगडे होते. त्याचे एक टोक ती स्वतः धरी आणि दुसरे टोक दुसऱ्या घरच्या माणसाने धरायचे. एकाच घरची दोन माणसे कधीही नाहीत. बहुधा ते टोक भीमातात्यांकडे असे. ते बापूंचे चुलतभाऊ, माळाच्या लवणाजवळ, म्हणजे पाणी उतरणाऱ्या खोलगट भागाजवळ, राहणारे, मोठ्या आवाजाचे, पटकन चिडणारे. दोघे घोंगडे ताणून गवतातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात. आमच्या माळावर कुसळी गवत. त्याच्या प्रत्येक बीला टोकदार सुईसारखे तोंड आणि मागे लांब तांबूस कुसळ. बी कच्चे असेल तर ते देठाला घट्ट राहते; पिकले असेल तर लोकरीला चिकटून येते. घोंगडे परत आले की आक्का ते उलटे करून बघे. कुसळांनी ते भरले असेल तर माळाने आपला वाटा घेतला असे समजायचे, आणि आणखी आठ दिवसांनी, उरलेले बी गळून गेल्यावर, काटे बाजूला करायचे. भरलेले घोंगडे मग माळावर जिथे जिथे उघडी जमीन दिसेल तिथे झटकत. बी पिकण्याआधी मेंढरू आत गेले तर पुढच्या वर्षाचे गवत खाऊन येते. बी अंगावर असताना गेले तर कुसळे त्याच्या कातड्यात घुसतात. हिरवे, गोड गवत डोळ्यांसमोर सोडून द्यायचे आणि वाळलेले, निम्म्या चवीचे गवत खाऊ घालायचे, असा तो करार होता. तो कुठेही लिहिलेला नव्हता.

ज्या पावसाळ्याबद्दल मी लिहायला बसलो आहे, त्या पावसाळ्यात मी एकोणीस वर्षांचा होतो आणि घरी होतो, कारण मला कावीळ झाली होती. बंगळूरला मोजणीच्या पदविकेचे दुसरे वर्ष चालू होते. डोळे पिवळे झाले तसे वसतिगृहातून घरी पाठवले. दोन महिने मी अंगणात बाजेवर पडून होतो. चंदरी नावाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक मेंढी होती; तिच्या दुधाचे ताक आणि कण्या एवढेच मला पचे. बापू रोज सकाळी तिला माझ्या बाजेपाशी आणून दूध काढत आणि म्हणत, "बग चंदरे, बंगळूरचं सायब तुझ्यावर जगत्यात."

एका दुपारी आक्का माझ्याजवळ येऊन बसली. ओटीतून तिने मागच्या वर्षीचे एक कुसळ काढले, तळहातावर ठेवले आणि बोटाने त्यावर पाण्याचे दोन थेंब सोडले.

"बग."

मला काही दिसेना. मग ते कुसळ हलले. आधी किंचित, जणू झोपेत कूस बदलावी तसे. आणि मग सावकाश, पीळ उलगडत, स्वतःभोवती फिरू लागले. त्याचे सुईसारखे तोंड आक्काच्या तळव्यावरच्या घट्ट्यात रुतू पाहत होते.

"पानी लागलं की आपल्या आपन जमिनीत शिरतंय," ती म्हणाली. "नांगर न्हाई, बैल न्हाई. आपन निस्ती वाट द्यायची. तुमच्या कालेजात शिकिवत्यात काय असलं?"

"नाही," मी म्हणालो.

"मग काय शिकिवत्यात?"

"जमीन मोजायला."

आक्का खळखळून हसली. "मोजायला! ती काय पळून चाललीया?"

त्या तळहाताकडे बघत मी कितीतरी वेळ बसलो. आजवर मी यंत्रे पाहिली, आकाशातून काढलेली पृथ्वीची चित्रे पाहिली, पण तो बोटभर विस्मय मला पुन्हा भेटला नाही. आणि ज्याने तो पाहिला होता त्याच मुलाने पुढे दोन महिन्यांत जे केले, ते इतकी वर्षे मी कुठेच लिहिले नाही.

माझ्या आजारपणातच गावात बोलवा उठली, की सरकार पडीक माळ ताब्यात घेणार. ज्या तुकड्यावर कुणाचे नाव आहे तेवढा वाचेल, बाकीचा जाईल. खरे-खोटे कुणाला ठाऊक नव्हते. बिरोबाच्या कट्ट्यावर सात घरे बसली आणि ठरले, की माळाचे सात भाग करून प्रत्येकाने आपापला धरावा. नियम मात्र तोच, काटे तेच, घोंगडे तेच. सगळ्यांनी शपथेचा भंडारा उचलून तसे कबूल केले. मग बापू, ज्यांनी आयुष्यात कधी बढाई मारली नव्हती, ते म्हणाले, "मोजायला भाईरचा मानूस कशाला? आमचा मल्लू हाय की."

त्या एका वाक्याने माझ्या अंगात जी ताकद आली ती कोणत्याही औषधाने आली नव्हती. साखळी नव्हती, म्हणून मी शेळीच्या केसांची लांब दोरी वळून घेतली, तिला समान अंतरावर लोकरीच्या लाल गाठी मारल्या आणि चार दिवस माळाच्या कडेकडेने फिरून सात सरळ पट्टे आखले. टोकांना दगड रोवून त्यांना चुना फासला. चिठ्ठ्या टाकल्या. भीमातात्यांना लवणातला, दाट गवताचा पट्टा आला. आम्हाला त्याच्या शेजारचा, खडकाळ. कुणी कुरकुर केली नाही. मला मात्र माझ्या रेषांच्या सरळपणाचा इतका अभिमान वाटत होता, की मी आक्काला मुद्दाम टेकाडावर नेऊन त्या दाखवल्या. पांढरे दगड उन्हात चमकत होते. आक्काने डोळ्यांवर हात धरून पाहिले.

"झ्याक हाय," ती म्हणाली. "मेंढरांस्नी दिसतीया का ही रेघ?"

मी हसलो. तिला मोजणीतले काय कळणार, असे मला वाटले.

भाद्रपदात पावसाने ओढ दिली. बरडावरचे गवत संपले, ओढ्याचा काठ उघडा पडला. मेंढ्यांच्या पाठीचे मणके दिसू लागले. चंदरीचे दूध आटले. तिचे कोकरू तिला ढुशा देऊन देऊन थकले आणि तिच्या पायांशी बसून राही. मी आता हिंडूफिरू लागलो होतो. त्या सकाळी बापू बाजाराला गेले होते, आई शेतावर कामाला, आणि आक्का शेजारच्या वस्तीवर एका बाळंतिणीकडे. कळप माझ्याकडे होता. मी माळाच्या पायवाटेशी उभा राहिलो. पलीकडे आमचा पट्टा होता. मी मोजलेला, मी आखलेला. इतकी वर्षे तो सगळा माळ सगळ्यांचा होता, तेव्हा असा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. त्या सकाळी तो आपसूक आला: ही आमची रेघ आहे, आमच्या रेघेच्या आत आमचे मेंढरू अर्धा तास चरले तर कुणाचे काय जाते?

मी काटा बाजूला ओढला.

मेंढरे गवतात शिरली तेव्हाचा आवाज मी विसरू शकत नाही. शंभर तोंडांनी एकदम ओले गवत तोडल्याचा तो आवाज, जणू कुणी मोठे कापड सावकाश फाडत आहे. चंदरी डोळे मिटून चरत होती. मला इतके बरे वाटले, की माझे डोळे भरून आले. आणि मग कळप पुढे सरकला. पांढऱ्या दगडांपाशी तो क्षणभरही थांबला नाही. खडकाळ पट्ट्यातून सरळ लवणात, भीमातात्यांच्या दाट गवतात उतरला. मी ओरडलो, धावलो, काठी आपटली. पण काविळीने पायांत जोर नव्हता, आणि मेंढरांना इतके दिवस नाकारलेले सगळे एकदम मिळाले होते. त्यांना मागे वळवायला मला दुपार झाली. लवणाचा मधला भाग चरून, तुडवून सपाट झाला होता. मी कळप कोंडला, काटा जसाच्या तसा लावला आणि बाजेवर जाऊन पडलो.

तिसऱ्या प्रहरी भीमातात्यांनी लवण पाहिले. त्यांच्या स्वभावाप्रमाणे त्यांनी ना कुणाला विचारले, ना कुणाला बोलावले. "कुनीतरी खाल्लंच हाय, तर माझीच का उपाशी?" असे ओरडत त्यांनी काटे उपसले आणि आपला सगळा कळप माळावर सोडला. तो मात्र सगळ्यांनी पाहिला.

दिवे लागायच्या सुमारास बिरोबाच्या कट्ट्यावर सात घरे जमली. बापू नुकतेच बाजारातून आले होते, खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती. आक्काही परतली होती. एका कडेला बसून चाती फिरवत होती. भीमातात्यांनी धोतराच्या सोग्यातून मूठभर लेंड्या काढून कट्ट्यावर टाकल्या.

"ही बगा. माझी मेंढरं तिसऱ्या पारी गेली. ही सकाळची हाय. वरनं वाळलीया, आत वली. हात लावून बगा!"

"लेंडीवर नाव लिवलंय व्हय रं भीमा?" कुणीतरी म्हणाले आणि हशा पिकला.

"हसू नगासा! भंडारा उचलून सांगतो, माझ्या आधी कुनीतरी शिरलं."

"भंडारा तर गेल्या म्हैन्यात बी उचलला हुतास."

पुन्हा हसले सगळे. भीमातात्यांचा चेहरा काळवंडला. मग त्यांची नजर माझ्यावर पडली आणि त्यांना जणू आधार सापडला. ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले. तो मोठा आवाज एकदम मऊ झाला होता.

"मल्लू, तू शिकलेला हाईस. रेघ तू ओढलीस. सकाळपासनं हितंच हुतास. तू सांग बाबा. कुनाची हुती मेंढरं?"

बापू माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर अजून तोच अभिमान होता, मोजणीच्या दिवसाचा. मी त्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणालो, "न्हाई तात्या. मला काय दिसलं न्हाई."

एवढेच. पाच-सहा शब्द. माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशीपासून भीमातात्यांचे पाणी कुणी पीत नव्हते. पण त्याहून मोठे काहीतरी मोडले होते, आणि ते कुणाच्याच लगेच ध्यानात आले नाही. आता प्रत्येक घर आपल्या पट्ट्याकडे बघे आणि शेजारच्या पट्ट्याकडेही बघे. उद्या तो सोडील, मग आज आपण का नको? आधी एका घराने पहाटे सोडली, मग दुसऱ्याने दिवसाढवळ्या. आठ-दहा दिवसांत अख्खा माळ हिरवा असतानाच मुळापर्यंत खाल्ला गेला. त्या वर्षी मेंढरे गुबगुबीत झाली. चंदरीला दूध आले. मी ते ताक प्यायलो.

कार्तिकात आक्काने नेहमीप्रमाणे हाक घातली. कुणी आले नाही. ती घोंगडे घेऊन माळाच्या कडेला उभी राहिली आणि वाट बघू लागली. ऊन चढले. शेवटी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "धर टोक." एकाच घरची दोन माणसे चालत नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. आम्ही माळ पार केला. घोट्याएवढ्या खुंटांवरून घोंगडे दगडांना घासत, धूळ उडवत आमच्यामागे आले. पलीकडे पोचल्यावर आक्काने ते उलटे केले. काळ्या लोकरीवर एकही कुसळ नव्हते. तिने ते दोन्ही बाजूंनी तपासले, प्रत्येक घडी उघडून बघितली, जणू हरवलेले काही सापडेल. मग घडी केली आणि बगलेत मारली. घरी येताना मी पहिल्यांदाच पाहिले, की चालताना तिची चाती फिरत नव्हती.

पुढचे मी तुटक तुटक, सुट्ट्यांमध्ये पाहिले. पुढच्या पावसाळ्यात गवत विरळ आले आणि सगळ्यांनी ते आणखी लवकर चारले. तिसऱ्या वर्षी लवणातून पाण्याबरोबर माती वाहू लागली. मग मुरूम उघडा पडला, मग दगड. भीमातात्यांनी मेंढरे काढून टाकली आणि बायकोमुलांसह ऊसतोडीला गेले. परत आले तेव्हा खूप वाकले होते. हळूहळू बाकीच्यांचे कळपही गेले. मी नोकरीनिमित्त बंगळूरचा झालो, इथल्याच एका जुन्या मराठी घरातल्या मुलीशी लग्न केले आणि तीस वर्षे नकाशांच्या कचेरीत काढली. आमच्या नकाशांवर नापीक जमिनीसाठी एक ठरावीक फिकट तपकिरी रंग असे. सोबतच्या टिपणात कारणांचा रकाना असे: अपुरा पाऊस, अतिचराई, धूप. एकदा आमचा माळ माझ्या टेबलावर आला. त्या रकान्यात मी अतिचराई असे लिहिले. ते खोटे नव्हते. पण तो माळ मेंढरांनी खाल्ला त्याआधी त्या कट्ट्यावरच्या संध्याकाळी आमचा एकमेकांवरचा विश्वास संपला होता, आणि तसे लिहायला रकाना नव्हता. असता तरी मी लिहिले असते का, याची मला आजही खात्री नाही.

गेल्या वर्षी आक्काला मोतीबिंदूसाठी बंगळूरला आणले. आता ती नव्वदीच्या घरात आहे, चाती अजून सुटलेली नाही. ऑपरेशननंतर हवापालट म्हणून आम्ही चार दिवस व्हाइटफील्डला लेकीकडे राहायला गेलो. आठव्या मजल्याच्या गॅलरीत आक्का सकाळी काळा चष्मा लावून उभी राहिली आणि तिने मला अशी हाक मारली, की मी हातातला चहा सांडला.

खाली, दोन काचेच्या इमारतींच्या मधे, तारेचे कुंपण घातलेला एक मोठा रिकामा भूखंड होता. काही वाद चालू होता म्हणे. कित्येक वर्षांत आत कुणी शिरले नव्हते. त्यात कमरेएवढे, तांबूस, पिकलेले कुसळी गवत या टोकापासून त्या टोकापर्यंत वाऱ्यावर झुलत होते. कामानिमित्त त्या रस्त्याने मी अनेकदा गेलो होतो. कधी पाहिले नव्हते.

"कुनी राखलंय रं एवढं?" आक्का म्हणाली.

"कुणी नाही. वाद आहे."

"मेंढरं कवा सोडत्यात?"

"सोडत नाहीत, आक्का. इथे मेंढरे नाहीत."

तिला हे पटेना. तासाभरात ती, तिचे गाठोडे, मी आणि माझी बायको सुमित्रा अशी आमची वरात त्या कुंपणाच्या फाटकाशी होती. गाठोड्यातून तिने ते काळे घोंगडे काढले. ऑपरेशनला येताना थंडीसाठी म्हणून ते आणले होते. रखवालदार गुलबर्ग्याकडचा निघाला; आक्काची कानडी ऐकून त्याचे तोंड फुलले. "अज्जी नम्म कडेयवरु," आपल्याकडच्याच की, असे म्हणून त्याने फाटक उघडले. "स्वल्प बेगा, जरा लवकर आटपा, अज्जी, साहेब येतील."

मी टोक धरायला पुढे झालो. आक्काने माझा हात बाजूला केला.

"तू नगं. एका घरची दोन चालत न्हाईत. सुमित्रा धरंल. ती दुसऱ्या घरची हाय."

"अय्यो आक्का, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली," सुमित्रा हसत म्हणाली.

"झाली असतील. धर."

"सरी, बरं, धरते की."

दोघी त्या गवतातून चालत गेल्या. मागे काचेच्या भिंतींवर ढग सरकत होते, रस्त्यावर गाड्यांची रांग खोळंबली होती, आणि नव्वदीची एक बाई काळे घोंगडे ताणून जणू आपल्याच माळावर चालली होती. परत आल्या तेव्हा घोंगड्याचा काळा रंग दिसत नव्हता. कुसळांनी ते सोनेरी, जड, एखाद्या जिवंत जनावरासारखे झाले होते. आक्काने त्यावर हात फिरवला. मी तिथेच, त्या फाटकापाशी, तिला सगळे सांगितले. काटा, लवण, लेंड्या, "मला काय दिसलं न्हाई". तिच्या पायांवर डोके ठेवावे असे वाटत होते.

तिने ऐकून घेतले. काळ्या चष्म्यामुळे तिचे डोळे दिसत नव्हते.

"मला काय सांगतुयास?" ती म्हणाली. "मला कुनी चोर म्हनलं व्हतं का? मायाप्पाला जाऊन सांग." आणि घोंगड्याची आत कुसळे राहतील अशी घडी घालून तिने ती माझ्या हातात दिली.

मायाप्पा म्हणजे भीमातात्यांचा मुलगा, माझ्याच वयाचा. त्या पावसाळ्यानंतर आम्ही एकमेकांशी धड बोललो नव्हतो. पुढच्या आठवड्यात ती घडी घेऊन मी गावी गेलो. तो दारात शेळीचा खूर साफ करत बसला होता. मी उभ्याउभ्याच बोललो, कारण बस म्हणाला असता तर माझ्याने बोलवले नसते. त्याने मान वर केली नाही. माझे संपल्यावर त्याने तो खूर पुरा साफ केला, शेळीला सोडले, हात धोतराला पुसले आणि आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. मला वाटले, आता येणारच नाही.

आला तेव्हा त्याच्या हातात एक छोटे, मळलेले गाठोडे होते.

"बा मरंस्तवर ह्ये कोनाड्यात हुतं," तो म्हणाला. "कुनी आलं-गेलं की सोडून दाखवायचा. लोक हसायचे. आमी बी हसायचो. मी बी. टाकून द्यावं म्हनलं किती येळा. हात झाला न्हाई."

त्याने गाठ सोडली. आत दहा-बारा लेंड्या होत्या, वाळून खड्यांसारख्या झालेल्या.

आम्ही माळावर गेलो. लवण आता एक उघडी घळ होती. माझे पांढरे दगड चुना उडून साधे दगड झाले होते; त्यांतला एक आडवा पडलेला होता. मायाप्पाने घळीच्या वरच्या बाजूला, जिथे थोडी माती शिल्लक होती तिथे उभे राहून त्या लेंड्या एकेक करून बोटांत चुरल्या आणि तो भुगा जमिनीवर पडू दिला. शेवटची चुरून झाल्यावर फडके झटकून खांद्यावर टाकले. मग माझ्याकडे वळून त्याने माझ्या बगलेतली घोंगड्याची घडी घेऊन उलगडली आणि एक टोक माझ्या हातात दिले.

"वडू नगं," तो म्हणाला. "निस्तं झटक."